आत्मचिंतनाची मूळ प्रत

स्वतःचे दोष ओळखणे हे शहाणपणाचे लक्षण आहे, असे सर्व थोर माणसे सांगत आली आहेत. ते दोष ठरलेल्या नमुन्यात, ठरलेल्या शब्दमर्यादेत, महिनाअखेरीच्या आत अपलोड करता येणे हे मात्र नोकरीत असण्याचे लक्षण आहे. थोर माणसांपैकी बहुतेक जण नोकरीत नसल्यामुळे त्यांच्या उपदेशात हा मुद्दा राहून गेला. आमच्या महाविद्यालयाने तो भरून काढला.

मी तिथे भूगोल शिकवतो. ('शिकवतो' हा शब्द मी त्या काळी फार सहज वापरत असे.)

आमच्या प्राचार्या एका परिषदेला गेल्या आणि येताना 'मुक्त शिक्षण' घेऊन आल्या. त्याच्या आधीच्या खेपेस त्यांनी 'आनंददायी शिक्षण' आणले होते. ते अजून जिन्याखालच्या खोलीत ठेवलेले आहे. मुक्त शिक्षणाची कल्पना थोर होती आणि मी ती आजही थोर मानतो. प्रत्येक शिक्षकाने आपल्या एका पाठाचा व्हिडिओ करायचा आणि तो 'मुक्त भांडार' नावाच्या संकेतस्थळावर ठेवायचा. जगातल्या कोणीही तो फुकट पाहावा. मग शिक्षकाने स्वतःही तो पाहायचा, आपण कुठे कमी पडलो यावर आत्मचिंतन लिहायचे, आणि तेही भांडारात ठेवायचे, म्हणजे एकाच्या चुकांवर दुसऱ्याला शहाणे होता येईल. या सर्व उपक्रमाचा समन्वयक म्हणून माझी एकमताने निवड झाली. मी त्या बैठकीच्या वेळी दातांच्या डॉक्टरांकडे होतो.

समन्वयक या नात्याने धोरण मीच लिहिले. भांडारातले साहित्य कोणीही घ्यावे, बदलावे, वापरावे आणि वाटावे. फक्त मूळ कर्त्याचे नाव खाली राहू द्यावे, असे त्यात स्पष्ट नमूद केले. शेवटचे कलम वगळता आमच्या सहकाऱ्यांनी हे धोरण तंतोतंत पाळले, हे मला येथे कृतज्ञतापूर्वक सांगितले पाहिजे.

आधी पाठ. मी 'नदी वळण का घेते' हा विषय निवडला, कारण तो मला झोपेतही शिकवता येतो आणि मुलांना झोपेतही शिकता येतो. चित्रीकरण घरी केले. बायकोने मोबाईल धरला. ती पशुवैद्य आहे. दिवसभर न बोलणाऱ्या रुग्णांशी गाठ असल्यामुळे तिला पाहून ओळखायची सवय आहे, आणि ती सवय ती घरी येताना दवाखान्यात ठेवून येत नाही.

पाठ संपल्यावर मी विचारले, "कसा झाला?"

"स्पष्ट ऐकू आलं सगळं."

"तेवढंच?"

"नदी का वळते असं तुम्ही विचारलंत, तेव्हा मी उत्तर देणार होते. तेवढ्यात तुम्हीच दिलंत."

"तुला येत होतं उत्तर?"

"आता ते कसं कळणार, अहो?"

मी व्हिडिओ पाहिला. तिचे निदान बरोबर होते. मी प्रश्न विचारत होतो, अर्धा श्वास घेत होतो, उरलेल्या अर्ध्या श्वासात उत्तर देत होतो, मग "बरोबर?" असे विचारत होतो आणि "बरोबर" असे स्वतःच सांगत होतो. समोर माणूस असण्याची कुठेही आवश्यकता नव्हती. इतकी वर्षे मी ज्याला वर्गातला संवाद समजत होतो, त्यात दोन्ही कामे माझ्याकडेच होती.

त्या अस्वस्थतेत मी आत्मचिंतन लिहिले. त्यातला मुख्य भाग असा: 'मी प्रश्न विचारतो, पण उत्तराची वाट पाहत नाही. माझ्या वर्गात माझा प्रश्न आणि माझे उत्तर यांच्यामध्ये विद्यार्थ्याला उभे राहायला जागा नाही. वर्गात शांतता पसरली की मला आग लागल्यासारखे वाटते आणि मी ती बोलून विझवतो.'

लिहून झाल्यावर मला फार बरे वाटले. आपण किती नम्र आहोत हे पाहून माझा ऊर भरून आला. बायकोला वाचायला दिले.

"छान लिहिलंय," ती म्हणाली. "मग आता वाट पाहणार का?"

"कशाची?"

"उत्तराची."

तो उपक्रमाचा पुढचा टप्पा असल्याचे मी तिला समजावून सांगितले.

सहकाऱ्यांना नमुना म्हणून मी हे आत्मचिंतन लगेच भांडारात ठेवले. महाविद्यालयाच्या अधिकृत नोंदीसाठी मात्र दिले नाही. तिथे ते कायमचे राहणार होते, त्यामुळे नम्रता आणखी ठसठशीत व्हावी म्हणून मी त्यावर हात फिरवत राहिलो. शेवटच्या दिवशी एक स्वल्पविराम वाढवला आणि सादर केले.

दरम्यान उपक्रमाने जोर धरला होता. भांडारातले पाठ कोणी फारसे पाहत नव्हते. (दृश्यसंख्येचा मोठा हिस्सा आपला पाठ कोणी पाहिला का, हे पाहायला गेलेल्या शिक्षकांचा होता.) पण आत्मचिंतनांचा पूर आला होता. रसायनशास्त्राच्या बाईंचा प्रश्न आणि त्यांचे उत्तर यांच्यामध्ये विद्यार्थ्याला उभे राहायला जागा नव्हती. गणिताच्या सरांकडेही नव्हती. खेळाच्या सरांनी जिथे जिथे 'वर्ग' होता तिथे 'मैदान' घातले होते, आणि घाईत वाक्य थोडे आखूड केले होते. त्यामुळे 'माझ्या मैदानात विद्यार्थ्याला उभे राहायला जागा नाही' अशी अधिकृत नोंद झाली. इमारत देखभाल विभागाने ती गांभीर्याने घेतली. दोन माणसे फीत घेऊन आली आणि मैदान मोजून गेली. सर्वांत प्रांजळ आत्मचिंतन ग्रंथपालांचे होते. 'वाचनालयात शांतता पसरली की मला आग लागल्यासारखे वाटते आणि मी ती बोलून विझवतो,' असे त्यांनी लिहिले होते. हे मात्र खरे आहे.

मला राग आला नाही. उलट आपला दोष इतक्या लोकांच्या उपयोगी पडतो आहे याचा अभिमान वाटला. गुण असे सहजासहजी पसरत नाहीत.

शेवटच्या दिवशी महाविद्यालयात नवीन यंत्रणा बसली. कोणी कोणाचे उतरवून काढले आहे, हे ती आपोआप सांगते. ती मुलांच्या निबंधांसाठी घेतली होती, पण सुरुवात शिक्षकांपासून करावी, असा आदर्श विचार प्राचार्यांच्या मनात आला. बाकीच्यांची आत्मचिंतने आधीच येऊन मंजूर झालेली होती. त्या दिवशी यंत्रणेच्या हाती लागले ते फक्त माझे. ते इतरांच्या लिखाणाशी सत्त्याण्णव टक्के जुळले. उरलेले तीन टक्के म्हणजे माझे नाव आणि तो स्वल्पविराम.

प्राचार्यांनी बोलावून घेतले. त्यांच्या समोरच्या पडद्यावर माझे आत्मचिंतन आपादमस्तक लाल झालेले दिसत होते.

"सर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"मॅडम, ते मीच लिहिलंय."

"पकडलं गेलं की सगळे असंच म्हणतात."

"आणखी कोण पकडलं गेलंय?"

"कोणीच नाही. तुम्ही एकटेच. बाकीच्यांनी वेळेत दिलं होतं."

"पण भांडारात बघा ना. सगळ्यांच्या आधी मी ठेवलंय. नाव आहे माझं, तारीखही आहे."

त्यांनी धोरणाची प्रत काढली आणि चष्मा लावला. "भांडारात कोणीही काहीही ठेवू शकत असल्याने तेथील नोंद पुरावा म्हणून ग्राह्य धरली जाणार नाही. असं लिहिलंय इथे."

"हे कोणी लिहिलं?"

"तुम्हीच, सर. समन्वयक म्हणून."

चोर सोडून संन्याशाला फाशी, असे म्हणतात. इथे फरक इतकाच की, दोर संन्याशाने स्वतः वळला होता आणि कोणीही वापरावा म्हणून भांडारात ठेवला होता. आपणच हात पुढे करावा आणि आपणच अवलक्षण दाखवावे, असा हा प्रकार होता.

चौकशी पूर्ण होईपर्यंत मी वर्गावर जाऊ नये, असे ठरले. मुलांचे नुकसान होऊ नये म्हणून माझ्या तासाला माझाच व्हिडिओ लावायची व्यवस्था झाली.

"म्हणजे माझ्या जागी मीच," मी म्हणालो.

"तुमच्या जागी तुमचा पाठ," प्राचार्या म्हणाल्या. "त्याच्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही."

घरी सांगितले तेव्हा बायको हसली नाही, याचे मला वाईट वाटले. ती हसली असती तर मला चिडता आले असते. ती एवढेच म्हणाली, "तुम्हाला वर्गाची आठवण येईल." मी म्हणालो, छे, तेवढीच विश्रांती. आणि रात्री जेवताना मी तिला विचारले की, चंद्राची एकच बाजू का दिसते, आणि तिने घास गिळायच्या आत उत्तर मीच सांगूनही टाकले.

दुसऱ्या दिवशी माझ्या तासाला मी शिक्षकांच्या खोलीत बसलो. बसवेना. पाणी प्यायला म्हणून उठलो. पाण्याचा नळ एका टोकाला आणि माझा वर्ग दुसऱ्या टोकाला आहे, तरी मी वर्गाच्या दाराशी कसा पोचलो याचे भौगोलिक स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. दार लोटलेले होते. आतून माझाच आवाज येत होता. तो मला वाटत होते त्यापेक्षा बराच आत्मविश्वासपूर्ण होता.

"नदी वळण का घेते?" मी आतून विचारले. "कारण..."

आणि मी बंद झालो.

क्षणभर वाटले वीज गेली. मग एका मुलीचा आवाज आला. "थांबवलंय मी. सर आता सांगून टाकतील. आधी आपण सांगू या."

"डोंगर आडवा येतो म्हणून," कोणीतरी म्हणाले.

"मग सपाटीवर का वळते? तिथे काय आडवं येतं?"

"कंटाळते असेल सरळ जाऊन."

हसण्याचा आवाज. मग बाकडी सरकल्याचा, कोणीतरी फळ्याकडे गेल्याचा आवाज. "हे बघ, बाहेरच्या बाजूला पाणी जोरात येतं, तो काठ खातं. आतल्या बाजूला मंद असतं, तिथे गाळ टाकतं. म्हणजे वळण एकदा पडलं की वाढतच जाणार."

माझ्या पाठातले उत्तर हेच होते. मी समाधानाने मागे वळणार, इतक्यात तीच मुलगी म्हणाली, "एकदा पडलं की, ते ठीक आहे. पण पहिल्यांदा का पडलं?"

आणि आत शांतता पसरली.

ही शांतता मी ओळखत होतो. माझा हात दाराच्या कडीवर गेला. उत्तर जिभेच्या टोकाशी आले. रसायनशास्त्राच्या बाई हातात परीक्षानळ्यांचा स्टँड घेऊन चालल्या होत्या, त्या थबकल्या.

"तुम्हाला आत जायची परवानगी नाही ना?" त्यांनी हळूच विचारले.

"नाही," मी म्हणालो.

"मग कडी सोडा."

मी कडी सोडली. आतली शांतता तशीच होती. आग कुठेही लागली नाही. बाईही जायच्या राहिल्या. आम्ही दोघे दाराबाहेर उभे राहिलो, वर्गाबाहेर काढलेल्या मुलांसारखे. बऱ्याच वेळाने आतून एक आवाज आला. हा मुलगा वर्गात कधी बोललेला मला आठवत नाही. तो म्हणाला, "अगदी बारीकसं काहीतरी असेल. एखादं झाड पडलं असेल पाण्यात, म्हणून थोडी बाजूने गेली. मग झाड कुजून गेलं आणि वळण राहिलं."

मग ती मुलगी म्हणाली, "हे बरोबर वाटतंय," आणि तिने मला पुन्हा सुरू केले. मी आतून सगळे समजावून सांगितले आणि विचारले, "बरोबर?" वर्ग एका सुरात माझ्याबरोबर म्हणाला, "बरोबर." मुले हसली, पण घरातल्या जुन्या घड्याळाला हसावे तशी.

झाडाचे माझ्या पाठात नव्हते. माझा पाठ त्या प्रश्नाच्या अलीकडेच संपत होता. मला अतिशय आनंद झाला, असे मी कुठल्याही अहवालात लिहून देईन. खरे सांगायचे तर माझे न दिलेले उत्तर माझ्याजवळच उरले होते.

"कोणता मुलगा तो?" बाईंनी विचारले.

"नाव माहीत नाही," मी म्हणालो. त्या स्टँड घेऊन पुढे निघाल्या. नंतर कळले की, त्यांनी त्या दिवशी प्रयोगशाळेत प्रश्न विचारला आणि परीक्षानळ्या विसळत बसल्या. मुलांकडून उत्तर येईपर्यंत सगळ्या नळ्या स्वच्छ झाल्या होत्या.

चौकशी समितीत प्राचार्या, ग्रंथपाल आणि खेळाचे सर होते. आदल्या दिवशी खेळाचे सर मला गाठायला आले. माणूस सरळ आहे. मान खाली घालून म्हणाले, "सर, माझ्या हातून झालंय हे. मी फक्त वर्गाचं मैदान केलं. बाकी सगळं तुमचं."

"मग सांगा ना समितीला."

"सांगणारच होतो हो. पण त्यांनी मलाच समितीत घेतलं. समितीतल्या माणसाला साक्ष देता येत नाही."

"मग समितीतून बाहेर पडा."

"तेही विचारलं. त्यासाठी कारण द्यावं लागतं, आणि कारण दिलं की ती साक्ष होते."

समितीने सर्व बाजूंचा विचार केला. (माझी बाजू त्यांपैकी एक होती.) उतरवून काढल्याचे सिद्ध झाले. सर्वांत आधी सादर झालेले आत्मचिंतन खेळाच्या सरांचे असल्यामुळे मूळ लेखक तेच ठरले आणि त्यांना 'उत्कृष्ट आत्मचिंतन' म्हणून प्रशस्तिपत्र मिळाले. ते त्यांनी घेतले तेव्हा त्यांचा चेहरा पेनल्टी चुकलेल्या माणसासारखा होता. माझी आजवरची सेवा पाहता मला सौम्य शिक्षा झाली: मी नव्याने, स्वतःच्या शब्दांत, कुठेही न पाहता आत्मचिंतन लिहावे.

त्याच सुमारास चाचणीचे निकाल लागले. मी ज्या वर्गावर जात नव्हतो त्या वर्गाचा भूगोल सुधारला होता. प्राचार्यांनी ही बाब तातडीने लक्षात घेतली आणि 'शिक्षकाची नियोजित अनुपस्थिती: एक नवोपक्रम' या विषयावर पुढच्या परिषदेत निबंध वाचला. त्याला चांगला प्रतिसाद मिळाला. कितीतरी महाविद्यालयांनी आपल्याकडे हा उपक्रम आधीपासूनच चालू असल्याचे कळवले.

मला मात्र वर्गावर परत घेतले. पहिल्याच तासाला मी ठरवून प्रश्न विचारला आणि गप्प बसलो. मुले माझ्याकडे पाहू लागली. मी त्यांच्याकडे पाहू लागलो. खिशातली किल्ली मी इतकी घट्ट धरली होती की हातावर वळ उठला. शेवटी मागच्या बाकावरून काळजीच्या सुरात आवाज आला, "सर, बंद पडलात का?"

"नाही," मी म्हणालो. "थांबलोय."

त्यावर त्यांनी आपापसांत विचारविनिमय केला आणि मला आणखी थोडा वेळ द्यायचे ठरवले. मग उत्तर आले. चुकीचे होते, पण माझे नव्हते. झाडाचे सांगणाऱ्या मुलाचे नाव मी त्या दिवशी विचारून घेतले. तो म्हणाला, "सर, तुम्ही रोज हजेरी घेता." हेही खरे होते. मी नाव पुकारून, उत्तराची वाट न पाहता, खूण करत आलो होतो.

नवे आत्मचिंतन मी लिहिले. जे घडले ते सर्व घातले, दाराच्या कडीसकट. शब्दमर्यादा ओलांडली म्हणून ते महाविद्यालयाने स्वीकारले नाही. मग मी ते नाव न घालता भांडारात ठेवून दिले.

ते अनेकांनी वाचले. प्रतिक्रिया उत्तम आहेत. ग्रंथपालांनी सांगितले की, वाचताना त्यांच्या डोळ्यांसमोर सतत रसायनशास्त्राच्या बाई येत होत्या. बाईंना ते प्राचार्यांवर लिहिलेले वाटले. प्राचार्यांनी ते गणिताच्या सरांच्या टेबलावर मुद्दाम उघडून ठेवले. दूरदूरच्या शिक्षकांनी कळवले की, अगदी असाच एक माणूस आमच्याकडेही आहे आणि आम्ही त्याला हे आवर्जून पाठवले आहे. ते फिरत फिरत मलाही तीनदा आले. दर वेळी खाली लिहिलेले होते, 'तुम्ही वाचावे असे वाटले.' हे माझ्याचबद्दल आहे, असे कळवणारा वाचक अद्याप एकही मिळालेला नाही.

आपणही वाचता वाचता हे कोणाला द्यायचे ते मनाशी ठरवले असेल. अवश्य द्यावे, मुक्त आहे. फक्त त्याआधी, हे आपल्याला वाचायला कोणी दिले, तेवढे एकदा आठवून पाहावे.